बाबा रोज पेपर वाचतात, मग पडद्याला सूज कशी?

प्रश्न बोरिवलीच्या एका मुलीचा आहे. तिच्या बाबांचं वय 61, मधुमेह 14 वर्षांपासून. चष्मा लावून रोज पेपर वाचतात, लोकलने एकटे फिरतात. फॅमिली डॉक्टरांनी मागे लागून पाठवलं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली. चष्म्यासह उजव्या डोळ्याची नजर 6/9 आणि डाव्याची 6/18 निघाली (6/6 म्हणजे पूर्ण नजर, खालचा आकडा वाढेल तशी नजर कमी). दोन्ही पडद्यांवर रक्ताचे बारीक ठिपके आणि डाव्या पडद्याच्या मध्यभागी सूज. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 9.4. डाव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यायला सांगितलं आहे. बाबा म्हणतात, ‘मला सगळं दिसतंय, डोळ्यात सुई कशाला?’ नातेवाईक म्हणतात, साखर खाली आली की सूज आपोआप उतरेल, घाई करू नका. आईलाही 3 वर्षांपासून मधुमेह आहे, तिचे डोळे अजून तपासलेले नाहीत. मुलीचा प्रश्न असा की थांबायचं का, आणि आईचं काय?

आधी थेट उत्तर देतो. थांबू नका. सूज मध्यभागी आहे आणि नजर 6/18 पर्यंत उतरली आहे, म्हणजे उपचार सुरू करायची वेळ आलेली आहे. साखर खाली आणायची आहेच, पण ती खाली आणेपर्यंत डोळा थांबवून ठेवायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सुरू व्हायला हव्यात. आणि आईंची तपासणी तीन वर्षांपूर्वीच, मधुमेह कळला त्याच महिन्यात व्हायला हवी होती. आता या महिन्यात करा.

बाबांच्या ‘मला दिसतंय’ या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण पडद्याच्या आजारात माणसं याच वाक्यावर वर्षानुवर्षं थांबतात. बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना खरोखरच दिसतंय. उजवा डोळा 6/9 आहे आणि पेपर तोच वाचतोय. माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून जगतो, त्यामुळे एक डोळा हळूहळू कमी होत गेला तरी मेंदू दुसऱ्याच्या जोरावर काम भागवतो आणि काही बिघडलंय हे कळतच नाही. एक दिवस उजव्या डोळ्यात कचरा जातो, माणूस तो डोळा चोळायला बंद करतो आणि तेव्हा लक्षात येतं की डाव्याने समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. अशा पद्धतीने ‘अचानक’ नजर गेलेले रुग्ण मी सतत बघतो. ती अचानक गेलेली नसते.

आज घरी एक गोष्ट करून बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बाबांना वाचायच्या चष्म्यासह हातभर अंतरावर उभं करा. आधी डावा डोळा तळहाताने झाकायला सांगा (बोटांनी दाबायचा नाही), मग उजवा. प्रत्येक डोळ्याने वेगळं बघायचं: तारखांचे आकडे सारखेच ठळक दिसतात का, चौकोनांच्या रेघा सरळ आहेत की मध्ये वाकड्या किंवा पुसट होतात. सूज मध्यभागी असलेल्या डोळ्याला बहुतेक वेळा रेघ लहरल्यासारखी दिसते किंवा मधला आकडा धूसर होतो. बाबांना हा फरक स्वतःच्या डोळ्याने दिसला तर तुम्हाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पण एक लक्षात ठेवा, दोन्ही डोळ्यांना रेघा सरळ दिसल्या म्हणून पडदा ठीक असल्याचं सिद्ध होत नाही. कडेच्या भागात बराच आजार असूनही मधली नजर 6/6 राहू शकते.

आता आत काय घडतं ते. डोळ्याच्या मागच्या आतल्या बाजूला पडदा असतो, प्रकाश तिथे पडतो आणि तिथूनच मेंदूकडे संदेश जातो. शरीरातल्या सर्वाधिक ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींपैकी हा एक. त्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या अतिशय बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या वाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरत जातात. भिंत कमकुवत होते, जागोजागी बारीक फुगे येतात आणि त्यातून रक्त व पातळ द्रव झिरपायला लागतो. जुन्या चाळीत भिंतीच्या आतला पाइप झिरपायला लागला की ओल बाहेर दिसेपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असतं, तसं हे आहे. पडद्याला वेदनेची जाणीवच नाही, त्यामुळे दुखत नाही, लाल होत नाही, खाज येत नाही. कोणतीही सूचना न देता वर्षं जातात.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांतले रक्ताचे ठिपके हा या आजाराचा पहिला टप्पा. रिपोर्टवर ‘एनपीडीआर’ (नव्या रक्तवाहिन्या अजून उगवलेल्या नाहीत असा टप्पा) लिहिलेलं असेल, पुढे सौम्य, मध्यम किंवा तीव्र असा शब्द असेल. तो शब्द नीट बघा, कारण पुढची तपासणी कधी हे त्यावर ठरतं. सौम्य असेल तर वर्षाने, मध्यम असेल तर साधारण सहा महिन्यांनी, तीव्र असेल तर दोन-तीन महिन्यांनी. तीव्र टप्प्यावर पोचलेल्या आणि उपचार न घेतलेल्या साधारण निम्म्या डोळ्यांत वर्षभरात पुढचा टप्पा सुरू होतो.

पुढचा टप्पा म्हणजे ‘पीडीआर’. केशवाहिन्या एकेक करून बंद पडल्या की पडद्याचे काही भाग उपाशी राहतात. उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि नव्या रक्तवाहिन्या उगवायला लागतात. ऐकायला ही दुरुस्ती वाटते, पण या नव्या वाहिन्या अत्यंत नाजूक असतात आणि भलत्याच जागी, पडद्याच्या पृष्ठभागावर, वाढतात. खोकला, शिंक, कधी नुसतं झोपेत कूस बदलणं आणि त्या फुटतात. रक्त डोळ्यातल्या पारदर्शक जेलमध्ये पसरतं. रुग्ण सांगतात, ‘सकाळी उठलो तर डोळ्यासमोर काळं जाळं होतं’, ‘माश्या फिरतायत’, ‘लाल पडदा आला’. त्याच्यापुढे या वाहिन्यांबरोबर तंतू तयार होतात, ते आखडतात आणि पडद्याला मागच्या भिंतीपासून ओढून सोडवतात. तिथे डोळ्यातलं जेल काढायची व्हिट्रेक्टॉमी नावाची मोठी शस्त्रक्रिया लागते आणि तीही करून नजर किती परत येईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. नव्या वाहिन्या डोळ्याच्या पुढच्या भागात, बाहुलीच्या कडेने वाढल्या तर पाणी बाहेर जायची वाट बंद होते आणि एक अतिशय दुखणारा काचबिंदू होतो. बाबा अजून या वाटेवर इतके पुढे गेलेले नाहीत, आणि त्यांना तिथे जाऊ न देणं आपल्या हातात आहे.

डाव्या डोळ्यातली सूज ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती कोणत्याही टप्प्यावर येऊ शकते. पडद्याचा अगदी मधला भाग, मॅक्युला, आपल्याला अक्षर, चेहरा, सुईत दोरा, बसची पाटी दाखवतो. झिरपलेला द्रव तिथे साचला की नजर उतरते. कामाच्या वयातल्या मधुमेहींची नजर कमी होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. डोळ्यांचं ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) काढलं असेल, त्याची छापील प्रत मागून घ्या. त्यात मधल्या भागाची जाडी मायक्रॉनमध्ये लिहिलेली असते, निरोगी डोळ्यात ती यंत्रानुसार साधारण 250 ते 280 च्या आसपास असते. बाबांचा आजचा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक वेळी तो कमी होतोय का हे तुम्हाला स्वतःला बघता येईल आणि उपचार चालू ठेवायचा धीर त्यातूनच मिळतो.

सूज दिसली की इंजेक्शन द्यायचंच, असं मी म्हणत नाही. सूज मध्यभागी असूनही नजर 6/6 किंवा तिच्या अगदी जवळ असेल तर नियमित तपासणी करत थांबणं योग्य ठरतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत अशा डोळ्यांना लगेच इंजेक्शन देणं, लेझर करणं आणि नुसतं लक्ष ठेवून नजर उतरली तरच इंजेक्शन देणं या तीन वाटांची तुलना झाली. दोन वर्षांनी नजरेत फरक निघाला नाही. म्हणून कुणाला 6/6 नजर असताना घाईघाईने इंजेक्शन सांगितलं तर दुसरं मत जरूर घ्यावं. तुमच्या बाबांचा डोळा त्या गटात बसत नाही. 6/18 ला थांबलं तर पडद्यातल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशी सुजेखाली मरत जातात, आणि मग सूज उतरली तरी नजर परत येत नाही.

सुईची भीती अगदी स्वाभाविक आहे, म्हणून प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. ऑपरेशन थिएटरमध्ये झोपवतात. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात, पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करतात, ते थोडं झोंबतं. पापण्या उघड्या ठेवायला एक छोटी क्लिप लावतात. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, काळ्या भागापासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, केसासारख्या बारीक सुईने साधारण 0.05 मिलिलिटर औषध आत सोडतात. एवढं करायला काही सेकंद लागतात. सुई समोरून येताना दिसत नाही, कारण नजर दुसरीकडे वळवायला सांगतात. दाब जाणवतो, बहुतेकांना दुखत नाही. पूर्ण तयारी धरून अर्ध्या-पाऊण तासात माणूस बाहेर येतो. एक-दोन आठवडे पांढऱ्या भागावर लाल डाग राहू शकतो, त्याने काही बिघडत नाही. जंतुसंसर्गाचा धोका हजार इंजेक्शनांत एकाहूनही कमी आहे, पण झाला तर गंभीर असतो. म्हणून इंजेक्शननंतरच्या आठवड्यात दुखणं वाढलं, नजर उतरली, उजेड सहन होईना, तर रात्री बारा वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करायचा. सकाळची वाट बघायची नाही.

औषधं तीन-चार आहेत. बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचं औषध, डोळ्यासाठी छोट्या मात्रेत विभागून वापरतात, सगळ्यात स्वस्त. रॅनिबिझुमॅबचा भारतीय बनावटीचा पर्याय 2015 पासून मिळतो आणि त्याने खर्च बराच खाली आला. अफ्लिबरसेप्ट महाग, फॅरिसिमॅब त्याहून नवं. 2015 मध्ये पहिल्या तिघांची समोरासमोर तुलना झाली. नजर थोडीच उतरली असेल तर तिन्ही सारखीच निघाली, पण नजर 6/15 किंवा त्याहून वाईट असलेल्या डोळ्यांत पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. बाबांचा डावा डोळा या दुसऱ्या गटात येतो. खर्च झेपत असेल तर डॉक्टरांशी याबद्दल बोला. झेपत नसेल तर स्वस्त औषध वेळेवर आणि पूर्ण घेणं हे महाग औषध दोनदा घेऊन सोडण्यापेक्षा कितीतरी चांगलं. बाबांना गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू झाला असेल तर ते आधीच सांगा. अशा वेळी किंवा इंजेक्शनांनी सूज उतरत नसेल तर डोळ्यात हळूहळू विरघळणारं स्टेरॉइडचं इम्प्लांट हा पर्याय असतो. त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो, म्हणून ती पहिली पसंती नसते.

किती इंजेक्शनं लागतील, हे कुणी तुम्हाला स्पष्ट सांगितलं नसेल तर मी सांगतो. ‘तीन घ्या, मग बघू’ असं म्हटलं जातं आणि घरचे तीनवर कोर्स संपला असं धरतात. बहुतेक डोळ्यांना पहिल्या वर्षी आठ ते दहा लागतात, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्म्याच्या आसपास, पुढे आणखी कमी. हे औषध व्हीईजीएफला काही आठवडे रोखतं, मधुमेह मुळापासून काढत नाही. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती दोन इंजेक्शनांनंतर बरं वाटलं म्हणून न येणाऱ्या रुग्णांची. गणपतीला कोकणात जातात, तिथेच दिवाळी होते, आणि परत येतात तेव्हा सूज पहिल्यापेक्षा जास्त असते. गावी जायचं असेल तर जरूर जा, पण आधी सांगा. तारखा पुढे-मागे करता येतात.

पैशांचं. डोळ्यातली इंजेक्शनं दिवसभरही दाखल न होता घेतली जातात म्हणून विमा मिळत नाही, असं अनेकांना वाटतं. विमा नियामकाने 2019 मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली, तिच्यात डोळ्यातली इंजेक्शनं आहेत. आरोग्य विम्यात ती वगळता येत नाहीत, मात्र कंपनी त्यासाठी रकमेची मर्यादा ठेवू शकते. तुमच्या पॉलिसीत ती मर्यादा किती आहे हे पहिल्या इंजेक्शनआधी लेखी विचारून घ्या. विमा नसेल तर भायखळ्याचं जे. जे., परळचं केईएम, सायन, नायर इथल्या नेत्रविभागांत जा. महापालिकेचं कामाठीपुऱ्यात स्वतंत्र मुरली देवरा नेत्र रुग्णालयही आहे. मोठ्या रुग्णालयांतल्या समाजसेवा विभागात औषधाच्या मदतीबद्दल विचारायला लाजू नका, त्यांचं ते कामच आहे.

लेझरबद्दल बाबांना कुणीतरी नक्की घाबरवेल, म्हणून तेही सांगतो. आज त्यांना लेझर लागेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. पुढे नव्या वाहिन्या आल्या तर लागू शकतं. लेझर पडद्याच्या कडेच्या उपाशी भागांवर करतात. त्या भागाची ऑक्सिजनची भूक कमी झाली की व्हीईजीएफ कमी सुटतं आणि नव्या वाहिन्या सुकतात. मोबदल्यात कडेची आणि अंधारातली नजर थोडी कमी होऊ शकते. 1970 च्या दशकातल्या अमेरिकी अभ्यासात लेझरने गंभीर दृष्टिनाशाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, आणि आजही तो उपचार तितकाच भक्कम आहे. नव्या वाहिन्यांवर नुसती इंजेक्शनंही चालतात, 2015 मध्ये हे दाखवलं गेलं. पण ती अर्धवट सोडली तर वाहिन्या अधिक जोराने परत येतात, लेझरचा परिणाम मात्र रुग्ण वर्षभर आला नाही तरी टिकतो. ज्या रुग्णाला नियमित येणं जमणार नाही असं मला दिसतं, त्याला मी लेझरच सुचवतो.

आता नातेवाइकांच्या म्हणण्याकडे वळू. साखर खाली आली की सूज उतरेल, यात अर्धं खरं आहे. साखरेचा पडद्याशी असलेला संबंध फार पक्का आहे. 1993 मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरचा मोठा अभ्यास आला. त्यात साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावरचा ब्रिटनमधला अभ्यास 1998 चा. त्यात रक्तदाब नीट ठेवलेल्या गटात पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमी निघालं. रक्तदाबाकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून मी तो मुद्दाम विचारतो. पण हे सगळे फायदे वर्षांच्या हिशोबातले आहेत. सुजलेला मॅक्युला तितकी वाट बघत नाही.

शिवाय साखर फार वेगाने खाली आणली तर पडद्याचा आजार सुरुवातीचे काही महिने थोडा वाढू शकतो. वाचून घाबरू नका आणि साखर खाली आणणं टाळूही नका, दीर्घकाळात फायदाच होतो. एवढंच की 9.4 वरून पटकन खाली येताना पडदा जास्त वेळा तपासायचा. हल्ली मुंबईत साखर आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं बरेच जण घेतात. 2016 च्या एका चाचणीत ते औषध घेणाऱ्यांमध्ये पडद्याच्या गुंतागुंती 3 टक्के, तर न घेणाऱ्यांमध्ये 1.8 टक्के आढळल्या. साखर झपाट्याने खाली येणं हे त्याचं प्रमुख कारण मानलं जातं. बाबांच्या फिजिशियनने असं औषध सुचवलं तर पडद्याची स्थिती त्यांना आधी कळवा. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिच्याने शरीरात पाणी धरून राहतं आणि काहींमध्ये पडद्याची सूज वाढते. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. अॅस्पिरिनही नाही. डोळ्यात रक्त आलं म्हणून हृदयाची अॅस्पिरिन बंद करून बसलेले रुग्ण मी पाहतो. तिच्याने पडद्याचा आजार वाढत नाही.

फिजिशियनशी बोलताना आणखी दोन गोष्टी काढा. पडद्यावर एवढं दिसतंय म्हणजे मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांचंही काहीतरी झालेलं असू शकतं, तेव्हा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. हिमोग्लोबिनही, कारण रक्त कमी असेल तर पडद्याची उपासमार वाढते. दुसरी गोष्ट फेनोफायब्रेटची. चरबीसाठीची ही जुनी, स्वस्त गोळी सुरुवातीच्या पडद्याच्या आजाराची गती कमी करते असं 2010 च्या आणि पुन्हा 2024 च्या चाचणीत दिसलं. मूत्रपिंड ठीक असेल तर ती बाबांना देता येईल का, हे विचारण्यासारखं आहे.

गाजराचा रस, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं, मध, गुलाबपाणी, ‘पडद्यावर चालणारे’ म्हणून विकले जाणारे थेंब, यांतल्या कशानेही ही सूज उतरत नाही. गाजर खायला हरकत नाही. मध डोळ्यात घालू नका.

मोतीबिंदूचा विषय घरात निघेलच. मधुमेहात तो लवकर येतो हे खरं, आणि नजर कमी म्हणजे मोतीबिंदू असं गृहीत धरलं जातं. पडद्याला सूज असताना आधी मोतीबिंदू काढला तर शस्त्रक्रियेनंतर सूज वाढते आणि लेन्स बसवूनही माणूस ‘दिसत नाही’ म्हणत राहतो. आधी पडदा शांत करायचा, मग मोतीबिंदू. चष्म्याच्या दुकानात जाऊन नवा नंबर काढायचीही घाई नको. साखर वर-खाली झाली की डोळ्यातली लेन्स फुगते-ओसरते आणि नंबर बदलत राहतो. साखर स्थिर होऊन महिना-दीड महिना गेला की मग चष्मा करा, नाहीतर तीन महिन्यांत दुसरा करावा लागेल.

काही तक्रारी अशा आहेत की तेव्हा थांबायचं नसतं. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळं, विजेसारखे चमकारे, बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं, डोळा लाल होऊन जोरात दुखणं आणि उलटी, किंवा अचानक एकाच्या दोन वस्तू दिसणं. दोन दिसणं बहुतेक वेळा मधुमेहाने डोळा हलवणारी नस सुस्त झाल्याने होतं आणि तीनेक महिन्यांत सुधारतं, पण मेंदूतलं काही नाही ना हे तपासावंच लागतं. साखर खूप वाढलेली असताना गाल-कपाळ दुखणं, नाकातून काळपट स्राव आणि डोळ्याभोवती सूज आली तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. 2021 मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती डोळे आणि किती जीव गेले ते आपण पाहिलं आहे.

बाबांनी चालणं चालू ठेवावं, उत्तम. नव्या वाहिन्या आल्याचं कधी सांगितलं तर मात्र त्या शांत होईपर्यंत शीर्षासन, सर्वांगासन, जिममधली जड वजनं आणि जोर लावून उचलणं बंद.

तुमचं घर यात एकटं नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये वडाळ्याच्या एका नेत्र रुग्णालयाने केलेल्या पाहणीत मधुमेह असलेल्या दर शंभरांत सुमारे 15 जणांच्या पडद्यावर हा आजार सापडला. एवढ्या लोकांच्या बाहुल्या मोठ्या करून बघायला पडद्याचे तज्ज्ञ पुरणार नाहीत, म्हणून 2018 मध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढून कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासून पाहिले गेले. पुढे पाठवण्याजोगा आजार त्या प्रणालीने चांगला ओळखला. माझी मनापासून इच्छा आहे की साखर तपासणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात असा कॅमेरा असावा. तो नसेल तिथे फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी हाच एक आधार राहतो. तुमच्या डॉक्टरांनी मागे लागून ती दिली, त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता आईंचं. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात आजार कळला त्याच वेळी पहिली तपासणी करायची, कारण साखर कळण्याआधी काही वर्षं ती वाढलेली असू शकते. पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात करतात. त्यानंतर सगळं ठीक असलं तरी वर्षातून एकदा. तुमच्या घरात आधीपासून मधुमेह असलेली कुणी मुलगी-सून दिवस राहायचा विचार करत असेल तर तिची तपासणी आधी आणि मग पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो. फक्त गरोदरपणात साखर वाढली असेल तर हा नियम लागू नाही.

तपासणीला जाताना सध्याच्या गोळ्यांची यादी, एचबीएवनसीचे जुने रिपोर्ट आणि चष्मा घेऊन जा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन टोचतं. गॉगल न्या, स्कूटर नेऊ नका. सकाळची वेळ घ्या, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत विरार लोकलमध्ये चढायची वेळ येणार नाही. आई आणि बाबा दोघांच्या बाहुल्या एकाच दिवशी मोठ्या होणार असतील तर त्या दिवशी रजा काढून तुम्ही सोबत जा, दोघांना एकमेकांच्या भरवशावर पाठवू नका.